'जेवलीस का?' आणि 'कधी संपणार?' : परदेशातल्या पीएचडीला घरचा आधार



एप्रिलचा मध्य उलटला की मला येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत फंडिंगसह मिळालेल्या पीएचडी प्रवेशाला होकार-नकार कळवायची मुदत १५ एप्रिल असते. तोपर्यंत सगळे प्रश्न एसओपीचे, शिफारसपत्रांचे, प्रोफेसरला मेल कसा लिहायचा याचे. नंतर मात्र हळूच विचारलं जातं, "ताई, घरी नेमकं काय सांगू? आई रोज डोळ्यांत पाणी आणते." किंवा, "बाबा म्हणतात, पाच वर्षं? एवढी कसली डिग्री?" आणि कधीकधी घरातलंच कुणीतरी मोठं माणूस विचारतं, आम्ही इथे बसून काय करू शकतो?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्यावर खरंच संशोधन झालेलं आहे आणि त्याचे निष्कर्ष आपल्या अंदाजापेक्षा बरेच वेगळे आहेत. नेहमीप्रमाणे निष्कर्षासोबत पद्धतही बघू, कारण तुम्ही स्वतः त्या धंद्यात उतरणार आहात. लेख घरी वाचून दाखवायचा असेल तर पद्धतीचे परिच्छेद खुशाल गाळा. आई-बाबांना सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतल्या फरकाशी देणंघेणं नाही.

आधार या शब्दात चार गोष्टी दडलेल्या असतात. जेम्स हाउस या समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये सामाजिक आधाराची जी विभागणी मांडली, ती आजही वापरली जाते. एक, भावनिक आधार: ऐकून घेणं, माया. दोन, प्रत्यक्ष मदत: पैसा, वेळ, कामं. तीन, माहितीचा आधार: 'हे असं असतं, अमक्याला विचार.' चार, मूल्यमापनाचा आधार: आपण बरोबर चाललोय की नाही हे समजायला मदत करणं. आपली बहुतेक घरं पहिल्या दोनांत पक्की असतात. परदेशातल्या पीएचडीची अडचण अशी की तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात घरचे लोक एकदम निहत्थे होतात. दहावी, बारावी, सीईटी, इंजिनिअरिंगची सेमिस्टरं, या सगळ्यांत आईबाबांना पट्टी माहीत होती. टक्के विचारले की कळायचं. पीएचडीत टक्के नाहीत. दोन वर्षं काम करून प्रयोग फसला तर ते नापास होणं नसतं, आणि पेपर परत आला तर तो रोजचा व्यवहार असतो. पण घरी 'पेपर रिजेक्ट झाला' हे वाक्य ऐकू येतं ते 'पेपरात नापास झाली' असं.

या बाबतीत इरावती कर्वे नशीबवान म्हणायच्या. १९२८ साली त्या बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या तेव्हा सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलं, त्यांचाच विरोध होता. पैसे जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतलेले. पण नवरा, दिनकर कर्वे, पाठीशी उभा होता आणि तो स्वतः जर्मनीतून रसायनशास्त्रात पीएचडी करून आलेला होता. म्हणजे पाठिंबा देणाऱ्या माणसाला तिथली प्रयोगशाळा, तिथले प्रोफेसर, तिथली थंडी, सगळं ठाऊक होतं. 'माहितीचा आधार' म्हणतात तो हाच. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असा दिनकर नसतो. तेव्हा निघायच्या आधीच घरच्यांना पीएचडीची पट्टी समजावून सांगणं हे आपलं काम आहे, आणि ते व्हिसाच्या कागदपत्रांइतकंच महत्त्वाचं आहे असं माझं मत. एक कागद घ्या. पहिल्या वर्षी काय होतं, क्वालिफायर म्हणजे काय, पेपर पाठवल्यावर उत्तर यायला किती महिने लागतात, सुपरवायझर कोण आणि त्याच्या हातात काय काय असतं, हे मराठीत लिहून घरी ठेवून जा. (जर्मनीत मार्गदर्शकाला पूर्वापार 'डॉक्टरफाटर' म्हणतात, शब्दशः डॉक्टर-बाप. हे सांगितल्यावर माझ्या आजीला सुपरवायझर या प्राण्याचं घरातलं स्थान लगेच कळलं.)

मदत दिसली की बोचते?

आता मुख्य संशोधनाकडे येते. नायल बोल्गर आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क राज्यात वकिलीचा परवाना मिळवायला बार परीक्षा द्यावी लागते, आणि ती घाम फोडणारी असते. संशोधकांनी अशी जोडपी घेतली ज्यांत एक जण ही परीक्षा देणार होता. परीक्षेच्या आधीचे काही आठवडे दोघांनीही रोज, स्वतंत्रपणे, डायरी भरायची. परीक्षार्थीला विचारलं जाई: आज जोडीदाराकडून भावनिक आधार मिळाला का? जोडीदाराला: आज तू आधार दिलास का? शिवाय मन किती खिन्न आहे याची नोंद.

गंमत या दोन डायऱ्या शेजारी ठेवल्यावर दिसते. ज्या दिवशी परीक्षार्थीने 'हो, मिळाला' असं लिहिलं, त्यानंतर त्याची खिन्नता वाढलेली दिसली. आणि ज्या दिवशी जोडीदार म्हणतो 'मी दिला', पण परीक्षार्थी म्हणतो 'मिळाला नाही', तेव्हा खिन्नता कमी झालेली दिसली. म्हणजे मदत झाली, पण मदत म्हणून लक्षातच आली नाही, ती सगळ्यात उपयोगी ठरली. बोल्गर तिला 'अदृश्य आधार' म्हणतात.

तुमच्यातल्या चाणाक्ष वाचकांनी इथे हात वर केला असेल. ज्या दिवशी माणूस जास्त खचलेला असतो त्याच दिवशी जोडीदार जास्त जवळ येणार, मग आधारामुळे खिन्नता वाढली की खिन्नतेमुळे आधार वाढला? शंका अगदी रास्त आहे. अभ्यासात आदल्या दिवशीची मनःस्थिती हिशेबात धरलेली होती, पण डायरीच्या अभ्यासात ही शंका पुरती कधीच मरत नाही. म्हणून बोल्गर आणि डेव्हिड अमारेल यांनी २००७ साली प्रयोग केला. विद्यार्थिनींना सांगितलं की तुम्हाला भाषण करायचं आहे. सोबत बसलेली दुसरी 'विद्यार्थिनी' खरं तर संशोधकांचीच माणूस. एका गटात ती सरळ सल्ला देते: अशी सुरुवात कर, असा शेवट कर. दुसऱ्या गटात तोच सल्ला ती आडून देते. संशोधकाकडे वळून म्हणते, हिला काही गरज दिसत नाही, मलाच जरा सांगा, सुरुवात अशी केली तर बरं ना? सल्ला तोच, पण पहिल्या गटाचा ताण कमी झाला नाही, उलट वाढण्याकडेच कल. दुसऱ्या गटाला फायदा झाला. कारण सरळ सल्ल्यासोबत एक न बोललेलं वाक्य येतं: तुला हे एकटीला जमणार नाही.

हे वाक्य ओळखीचं आहे की नाही? "अगं, रोज थोडं थोडं लिहीत जा ना, म्हणजे थिसिस होईल." "सरांशी नीट बोलतेस ना?" "शेजारच्या अमक्याचं तीन वर्षांत झालं." बोलणाऱ्याच्या मनात निव्वळ काळजी असते. ऐकणारीच्या कानात 'तुला जमत नाहीये' वाजतं. मग पुढच्या रविवारी कॉल पंधरा मिनिटांचा होतो, त्यापुढच्या रविवारी 'आज लॅबमध्ये आहे'.

पॅट्रिक श्राउट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये बार परीक्षेच्या जोडप्यांवरच भावनिक आधार आणि प्रत्यक्ष मदत वेगवेगळी करून पाहिली. त्रास भावनिक आधाराच्या बाजूला दिसला. स्वयंपाक, घरकाम अशी प्रत्यक्ष मदत मिळाली तेव्हा थकवा कमी आणि हुरूप जास्त. मला हा निष्कर्ष घरच्यांसाठी फार दिलासा देणारा वाटतो, कारण सात हजार किलोमीटरवरून करता येण्यासारखी प्रत्यक्ष कामं पुष्कळ आहेत आणि ती फक्त घरचेच करू शकतात.

उदाहरणार्थ, भारतातलं सिमकार्ड. हे किरकोळ वाटतं, पण बँक, आधार, इन्कम टॅक्स, सगळ्यांचे ओटीपी त्या नंबरवर येतात. रिचार्ज संपला, नंबर बंद पडला की परदेशात बसून तो परत मिळवणं म्हणजे शिक्षा. बाबांनी कॅलेंडरवर तारीख लिहून गुपचूप रिचार्ज करत राहणं हा बोल्गरच्या व्याख्येतला शंभर नंबरी अदृश्य आधार आहे. तसंच बँकेचं. शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी फेमा कायद्याखाली अनिवासी धरला जातो, साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. जायच्या आधी हे उरकलं नाही तर फॉर्म, सह्या, साक्षांकन यांची वरात निघते. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट काढायला किंवा पदवीच्या प्रमाणपत्रासाठी खिडकीवर उभं राहायला घरच्या कुणाच्या तरी नावे सही केलेली दोन-चार अधिकारपत्रं ठेवून जा. घर, जमीन, कर्ज असा व्यवहार मागे असेल तर मुखत्यारपत्र वकिलाकडून निघायच्या आधीच करून घ्या. इथून करायचं म्हटलं तर भारतीय दूतावासाची अपॉइंटमेंट, प्रवास आणि एक सुट्टी गेली.

खाऊचं पार्सल हा तर स्वतंत्र विषय आहे. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येताना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्यात आपलं तूप येतं, पेढे येतात, खव्याचं सगळं येतं. आईने मायेने कढवलेलं तूप विमानतळावरच्या डब्यात पडताना बघणं फार वाईट. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला, कोकम आणा. माझा अनुभव असा की मसाला संपत आला तरी बरणीच्या तळाशी चमचाभर मुद्दाम ठेवला जातो, तो स्वयंपाकासाठी नसतोच.

पण हे सगळं अमेरिकन जोडप्यांवरचं संशोधन ना?

बरोबर. आणि नवरा-बायकोवरचं, आईबाप-मुलांवरचं नाही. कुठलाही निष्कर्ष आपल्या घराला लावण्याआधी तो कुणावर तपासला गेला हे विचारायचं ही सवय आत्ताच लावून घ्या.

शेली टेलर, हीजंग किम, डेव्हिड शर्मन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये संस्कृतीचा प्रश्न सरळ भिडून घेतला. कॅलिफोर्नियातले आशियाई आणि आशियाई-अमेरिकन विद्यार्थी एकीकडे, युरोपीय वंशाचे अमेरिकन दुसरीकडे. सगळ्यांना ताण देणारं काम करायचं होतं. त्याआधी काहींना सांगितलं, तुमच्या जवळच्या माणसांना मदत आणि सल्ला मागणारं पत्र लिहा. काहींना सांगितलं, तुमच्या जवळच्या माणसांबद्दल, त्यांच्यात तुम्हाला काय मोलाचं वाटतं याबद्दल फक्त लिहा. मदत मागू नका. ताणाबद्दल विद्यार्थ्यांनी स्वतः सांगितलेलं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल, दोन्ही पाहिलं. युरोपीय वंशाच्या विद्यार्थ्यांना मदत मागण्याचा फायदा झाला. आशियाई विद्यार्थ्यांना आपली माणसं नुसती आठवण्याचा. याच गटाच्या आणखी कामांतून कारण पुढे येतं: आशियाई विद्यार्थी आपलं दुखणं सांगायला कचरतात, कारण समोरच्याला त्रास होईल, नात्यावर भार पडेल असं त्यांना वाटतं.

इथे 'आशियाई' म्हणजे प्रामुख्याने पूर्व आशियाई, हे लक्षात ठेवा. सोलापूर किंवा पणजीच्या घराला हा निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवू नका. तरी 'आईला उगाच टेन्शन नको' हे वाक्य परदेशातल्या कुठल्याही मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी आठवड्यातून एकदा येतंच. म्हणूनच मला वाटतं की 'जेवलीस का?' या प्रश्नाला हसू नये. तो सल्ला देत नाही, माहिती मागत नाही, प्रगतीचा हिशोब मागत नाही. तू आहेस ना आणि आम्ही आहोत, एवढंच सांगतो. व्हिडिओ कॉल लावून फोन ओट्यावर टेकवून ठेवायचा, आई पलीकडे भाजी निवडतेय, आपण इकडे कपड्यांच्या घड्या करतोय, दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही तरी चालतं. असे कॉल 'आज काय प्रगती?' या बैठकीपेक्षा पुष्कळ बरे.

'कधी संपणार?' हा प्रश्न मात्र घरच्यांनी सोडून द्यावा. त्याचं खरं उत्तर बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं, सुपरवायझरलाही. त्याऐवजी 'सध्या काय बघतेयस?' असं विचारावं आणि उत्तर अर्धवट कळलं तरी ऐकावं. आपल्या कामाबद्दल एखाद्या बिगर-तज्ज्ञाला सोप्या मराठीत सांगावं लागणं हा पीएचडीच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम व्यायाम आहे, हा वर फायदा.

दृश्य आधार नेहमी वाईटच असतो असाही समज करून घेऊ नका. नताल्या मायझेल आणि शेली गेबल यांनी २००९ मध्ये दाखवलं की आधार दिसणारा असला तरी तो समोरच्याची गरज ओळखून, त्याचं म्हणणं समजून घेऊन दिलेला असेल तर त्याचे परिणाम चांगले असतात. फोनवर मुलगी रडत असेल तर अदृश्य आधाराचा सिद्धांत आठवून गप्प बसू नका! 'तुला आत्ता नुसतं ऐकून घेऊ, की काही सुचवू?' एवढं एक वाक्य विचारलं तरी अर्धं काम होतं.

घेण्यासारखंच देणंही

मारसी ग्लीसन आणि सहकाऱ्यांनी (त्यांत बोल्गर आहेतच) २००३ मध्ये डायरीच्याच पद्धतीने पाहिलं की ज्या दिवशी माणूस आधार घेतो आणि देतोही, त्या दिवशी मनःस्थिती चांगली असते. नुसता घेतो त्या दिवशी तेवढी नाही. परदेशी गेलेल्या मुलाला आपण नेमकं देण्यातून बाद करून टाकतो. 'तू तुझ्या अभ्यासाकडे बघ, इकडचं आम्ही बघतो.' धाकट्या भावाची ॲडमिशन, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सोसायटीचं भांडण, त्याला काहीच विचारलं जात नाही. हेतू चांगला, पण तो कुटुंबातून हळूहळू पाहुणा होत जातो. भावाचा फॉर्म तपासायला त्याच्याकडे पाठवा. आजीच्या औषधांची यादी तिला बनवू द्या. लग्नातल्या केळवणाच्या यादीवर मत विचारा, मग ते मानलं नाही तरी हरकत नाही.

यातूनच पुढचा आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर मुद्दा निघतो. आपल्याकडे वाईट बातमी लपवली जाते. 'तिला आत्ता सांगू नका, तिचं प्रेझेंटेशन आहे.' माझ्या ओळखीच्या एका मुलाला आजोबा गेल्याचं दहाव्यानंतर कळलं, तेही चुलतभावाच्या स्टेटसवरून. त्याचं प्रेझेंटेशन छान झालं होतं. त्यानंतर मात्र घरून 'सगळं ठीक आहे' असा मेसेज आला की तो वेगवेगळ्या तीन नातेवाइकांना फोन लावून खात्री करायचा, आणि हे वर्षभर चाललं. घरच्यांनी त्याचा एक दिवस वाचवला आणि 'सगळं ठीक आहे' या वाक्याची किंमत घालवली. दूर राहणाऱ्याकडे खरं जाणून घ्यायचं दुसरं साधन नसतं. तो घराच्या हॉलमध्ये बसून चेहरे वाचू शकत नाही.

हा ठराव निघायच्या आधी, सगळे समोरासमोर असताना करायचा असतो. काय झालं तर लगेच सांगायचं: हॉस्पिटलमध्ये भरती, मृत्यू, नोकरी जाणं, मोठं कर्ज. कुणी सांगायचं: बऱ्याचदा आईबाबांपेक्षा मावशी किंवा मोठा भाऊ हे काम शांतपणे करतो. झोपेतून उठवायचं की सकाळपर्यंत थांबायचं. अचानक यावं लागलं तर तिकिटाचे पैसे कुठे ठेवलेत. आणि हे दोन्ही बाजूंनी लागू असतं, हे विसरू नका. तुम्ही इकडे ताप अंगावर काढून 'मस्त चाललंय' म्हणणार असाल तर घरून खरं ऐकायचा हक्क कसा सांगणार?

पहिल्या वर्षाचा आलेख

परदेशी जाणाऱ्यांना एक वक्ररेषा हमखास दाखवली जाते: सुरुवातीला मधुचंद्र, मग घसरण, मग सावरणं, म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखी. तिचा उगम स्वेरे लिसगार्ड यांच्या १९५५ च्या लेखात आहे. त्यांनी अमेरिकेत फुलब्राइटवर राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखती घेतल्या. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले बरे रुळले होते, मधल्या काळाचे कमी. आता बघा, ही एकाच माणसाची काळानुसार वाटचाल नाही. ही वेगवेगळी माणसं आहेत. कमी काळासाठी जाणारा आणि दोन वर्षांसाठी जाणारा मुळातच वेगळा असू शकतो. कोलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत गाठलं आणि वर्षभर त्याच मुलांना पुन्हा पुन्हा विचारलं. मधुचंद्र सापडला नाही. सगळ्यात जास्त त्रास सुरुवातीलाच होता.

घरच्यांसाठी याचा अर्थ असा की निरोपाचे हार-फुलं आणि विमानतळावरचे फोटो झाल्यावर लगेचचे आठवडे सर्वांत नाजूक धरा. खोली मिळालेली नाही, बँक खातं नाही, जेवणाचं काही ठरलेलं नाही, आणि भाषा कानावरून जातेय. नेमकं तेव्हाच नातेवाइकांना 'कसं वाटतंय मग परदेशात?' याचं उत्साही उत्तर हवं असतं. ते मागू नका. नातेवाइकांचे फोन आईने परस्पर झेलावेत, ही फार मोठी सेवा आहे.

घड्याळाचंही सांगून ठेवते. जर्मनी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. न्यूयॉर्क साडेनऊ आणि साडेदहा. युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. नेहमीच्या वेळी फोन उचलला नाही म्हणून घाबरायच्या आधी ही तारीख बघावी.

खरंच घाबरायचं कधी?

कातिया लेव्हेक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. साधारण तीनातल्या एकाला मानसिक आजाराचा, विशेषतः नैराश्याचा, धोका दिसला. धोका म्हणजे निदान नव्हे; ही प्रश्नावली होती, डॉक्टरांची तपासणी नाही. पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आणि ज्या गोष्टींशी हा धोका जोडलेला दिसला त्यांत सुपरवायझरची वागण्याची पद्धत, कामाचा बोजा यांच्याबरोबर काम आणि कुटुंब यांची ओढाताणही होती.

एखादा आठवडा फोन तुटक येणं याला आजार समजू नये. पण झोप-जेवणाचं वेळापत्रक कित्येक आठवडे कोलमडलेलं असणं, आवडीच्या गोष्टी सुटणं, कॅमेरा कायम बंद, 'माझ्यामुळे तुम्हाला त्रासच आहे' अशी भाषा, हे ऐकलं की थेट विचारावं, आणि जीव द्यावासा वाटतो का हेही शब्द न चोरता विचारावं. विचारल्याने कल्पना डोक्यात जाते हा गैरसमज आहे. अशा वेळी बरेच पालक विद्यापीठाला फोन करून 'माझ्या मुलीचं कसं चाललंय' असं विचारतात आणि तिकडून थंड उत्तर येतं. अमेरिकेत १९७४ च्या एफईआरपीए कायद्याने शैक्षणिक नोंदींचा हक्क कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याकडेच असतो. युरोपातही खासगी माहितीचे नियम कडक आहेत. त्यामुळे गुण विचारू नका. 'मला तिच्या सुरक्षिततेची काळजी वाटतेय, कुणीतरी जाऊन बघा' असं सांगा. हे ऐकून घ्यायला कायदा आड येत नाही. युरोपात तातडीचा नंबर ११२, अमेरिकेत ९११, आणि मानसिक संकटासाठी अमेरिकेत ९८८. भारतात बसलेल्या पालकांना स्वतःसाठी बोलायचं असेल तर टेलिमानसचा नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. भारतातून परदेशातले हे छोटे नंबर लागत नाहीत. म्हणून विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाचा पूर्ण नंबर, शेजारच्या खोलीतल्या मित्राचा नंबर आणि घरमालकाचा नंबर, हे तीन तरी आईच्या फोनमध्ये असू द्या. मुलांनो, हे नंबर तुम्ही स्वतःहून द्यायचे, मागायची वेळ येऊ देऊ नका.

जाता जाता, तुमच्यापैकी जे मानसशास्त्र किंवा समाजशास्त्रात शोधप्रश्न शोधताय त्यांच्यासाठी. बोल्गरची दुहेरी डायरी मराठी घरांवर लावायची झाली तर जोडी कुणाची घ्याल? आई आणि मुलगी, की सगळं घर? कारण आपल्याकडे आधार देणारा एक माणूस नसतो, फोन स्पीकरवर असतो आणि मागून आजोबा बोलत असतात. 'आज आधार दिलात का?' हा प्रश्न मराठीत कसा विचाराल? आई म्हणेल, 'आधार कसला, रोजच्यासारखं बोलले.' तिच्या लेखी ती मदत नाहीच, मुलीच्या लेखीही नाही. बोल्गरच्या कोष्टकात हा दिवस 'आधार नाही' या रकान्यात जाईल. तो कुठल्या रकान्यात जायला हवा, आणि त्यासाठी डायरीत प्रश्न कोणता असावा, यावर दोन पानांचा आराखडा लिहून बघा.